पहिल्या व्हायोलिनचं पान

माझ्या स्टँडवरचं पान त्या माणसाने दोन बोटांनी उचललं, खिडकीपाशी नेलं आणि खोटी नोट पारखावी तसं उजेडात धरलं.

"हे संगीत आहे?"

"हो," मी म्हणाले.

"वाचून दाखवता?"

"वाचून नाही. वाजवून दाखवता येईल."

"वाजवूनच. पण आत्ता नको." त्याने पान सोबतच्या शिपायाच्या हातात दिलं. "आणखी असतील ना? सगळी काढा."

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. युद्धाला तोंड लागलं होतं आणि मुंबईत जो तो शेजाऱ्याच्या खिडकीवर नजर ठेवून होता. आम्ही बसलो होतो ती खोली धोबीतलावला, सोली बिलिमोरियाच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानावर. तिच्याही काचांना खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. सोली व्हायोला, म्हणजे जरा मोठं, खालच्या सुरातलं व्हायोलिन, वाजवायचा. चेलोवर दातांचे डॉक्टर मोरेश्वर समर्थ. दुसरं व्हायोलिन माझं. आणि पहिलं व्हायोलिन अर्थातच मास्टर अनाक्लेतो मिनेझिस यांचं.

मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला मास्टरांच्या हवाली केलं. आम्हा पाठारे प्रभूंच्या घरांत त्या काळी पियानो असायचे, पण मुलीने व्हायोलिन खांद्याला लावायचं हे जरा नवलाचंच होतं. मास्टर आपल्या गोव्याच्या कोकणीत म्हणाले होते, "बाय, बोटांक जात ना." बोटांना जात नसते. त्यानंतरची सतरा वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघून काढली. फिल्मच्या स्टुडिओत कुठलंही नोटेशन समोर टाका, मास्टर एकदा ऐकून ते असं वाजवायचे की लिहिणाऱ्याला वाटावं, आपण इतकं चांगलं लिहिलं होतं?

"डॉक्टर हर्डीकर आज तालमीला येणार होते," समर्थ सावधपणे म्हणाले.

"येणार नाहीत," तो माणूस म्हणाला. "कालपासून आमच्याकडे आहेत. मी माणगावकर." कुठलं खातं, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याला सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावून तो एकेकाला निरखत होता. "त्यांनी परदेशी एक पार्सल पाठवलं. आत भोकं पाडलेली कार्डं आणि कागदांचा गठ्ठा. कागदांवर नुसते आकडे. या दिवसांत असं पार्सल टपालखात्याने सोडावं, असं तुम्हाला वाटतं?"

सोलीने उठून खिडकी लावून घेतली.

"त्यांचं म्हणणं, ते संगीत आहे. कॉम्प्युटरकडून करवून घेतलेलं. आणि ते वाजवणारे चौघे जण आहेत." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा बाई. यंत्र संगीत कसं करतं?"

हर्डीकरांनी दिवाळीच्या सुमाराला आम्हाला ज्या शब्दांत सांगितलं होतं, त्याच शब्दांत मी सांगायचा प्रयत्न केला. हर्डीकर मूळचे वाईचे. एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्राचं काम करायचे. ते म्हणाले होते, लग्नाच्या पंगतीत कोणता माणूस कधी काय बोलेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण बाहेर ओटीवर बसलेल्याला नुसत्या गलक्यावरून कळतं, आत भात वाढताहेत की जिलबी आली. एकेक आवाज बेभरवशाचा, पण सगळ्यांचा मिळून एक आकार असतो. तो आकार मी ठरवणार. त्यातला एकेक सूर कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून काढणार.

"म्हणजे फासे टाकून," माणगावकर म्हणाले.

"फासे टाकूनच. पण फासे त्यांनी स्वतः घडवलेले. कुठला सूर जास्त वेळा पडावा, कुठला क्वचित, ते त्यांनी ठरवलेलं."

"आणि या सगळ्याचा अर्थ?"

"अर्थ असा नाही."

"बाई," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "अर्थ नसलेलं पत्र पदरचं तिकीट लावून कोणी परदेशी धाडत नाही."

गुरुवारी सकाळी वाद्यं घेऊन कचेरीत यायचं, असं सांगून ते निघाले. दारात थांबून म्हणाले, "एकमेकांशी बोलायला माझी हरकत नाही. तुम्ही बोलणारच."

पण आम्ही बोललो नाही. सोलीने चहा मागवला, तो तसाच निवला. शेवटी मास्टरच म्हणाले, "त्या हर्डीकराक कधी गुणगुणताना ऐकलंय कोणी?"

कोणीच ऐकलं नव्हतं.

"चाळीस वर्षं संगीत करणाऱ्यांत काढली मी. चांगले बघितले, चोरटे बघितले. गुणगुणत नाही असा एक नाही बघितला. हा येतो, कोपऱ्यात बसतो, ऐकतो, जातो."

"आणि चूक काढत नाही," समर्थ म्हणाले. "एकदाही नाही. स्वतःची रचना कोणी चुकीची वाजवली तर माणूस गप्प बसेल?"

ते मात्र माझ्या मनात रुतलं. खरंच, इतक्या तालमींत हर्डीकरांनी आम्हाला एकदाही थांबवलं नव्हतं. मी स्वतः दोनदा ओळ चुकले होते. त्यांच्या लक्षात आलं नसेल? की त्यांना पर्वाच नव्हती? वाजवणं हा नुसता देखावा असेल, आणि खरं काम त्या आकड्यांचंच असेल, तर कोण काय वाजवतं याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

"साला, आपण चार जण त्याचा पडदा होतो काय?" सोली म्हणाला आणि स्वतःच दचकून दाराकडे बघू लागला.

मला आणखी एक गोष्ट खात होती, पण ती मी त्या खोलीत बोलू शकत नव्हते. समर्थांचं चेलो. तिसऱ्या पानावर वरच्या व्हायोलिनचे तुटक सूर आणि खाली चेलोवर तारेवरून घसरत जाणारं बोट, असा एक भाग होता. तो मला दर तालमीला वेगळा ऐकू यायचा. कधी चेलो आधी पोचायचं, कधी मागे रेंगाळायचं, कधी भलत्याच सुरावर उतरल्यासारखं वाटायचं. समर्थ मनाचं वाजवतात, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. अशा संगीतात ते कोणाला कळणार होतं? राग चुकला की बहिऱ्यालाही कळतो. चिठ्ठ्या टाकून काढलेले सूर चुकले तर कोण सांगणार? त्यात समर्थांचा मेहुणा सरकारात बड्या हुद्द्यावर. आणि हर्डीकरांना 'हे कागद तुम्ही बाहेर कोणाला पाठवता' असं एकदा विचारलं होतं ते समर्थांनीच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात गेले. एका म्हातारीच्या तोंडात कापूस कोंबून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं.

"डॉक्टर, एक विचारते. रागावू नका. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलेलं तेच वाजवता ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे?"

"गुरुवारी ते तपासणार आहेत. तुम्ही मनाचं वाजवलंत तर हर्डीकर अडकतील."

"आणि पार्सलची बातमीही मीच दिली असेल, नाही?" त्यांनी हात धुवायला घेतले. "मेहुण्याला सांगून?"

मी गप्प राहिले. ते न बोललेलंही त्यांना ऐकू गेलं.

"सरोज, मी इंग्लंडात शिकत होतो तेव्हा एका वेळचं जेवण सोडून चेलोच्या शिकवणीला जायचो. मला लिहिलेलं वाजवता येतं. मनाचं वाजवता आलं असतं तर दात कशाला काढत बसलो असतो?" त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "आता मी विचारतो. हर्डीकर खरोखर संगीतच करत होते, हे तू छातीवर हात ठेवून सांगशील?"

मला सांगता आलं नाही.

"मग एकट्या माझ्यावरच का संशय?" ते म्हणाले आणि म्हातारीकडे परत गेले.

त्या संध्याकाळी मी मास्टरांकडे गेले. एवढ्या संशयाच्या कल्लोळात मला एकच ठिकाण खात्रीचं वाटत होतं. ते व्हरांड्यात व्हायोलिन पुसत बसले होते.

"गुरुवारचं भ्यावंक नाका," ते म्हणाले. "पहिलं पान वाजव बघू. माझं."

"तुमचं?"

"तू कशी वाचतेस ते बघूया."

पूर्वीही त्यांनी मला त्यांचं पहिलं पान असं वाजवायला लावलं होतं. गुरू शिष्येची परीक्षा घेतो, त्यातलंच. पोलिसांनी पानं नेली होती, पण ते एक पान मला तोंडपाठच झालं होतं. मी वाजवलं. डोळे मिटून त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा वाजवायला सांगितलं.

"पुढचं येतं?"

"नाही, मास्टर. पुढचं मी कधी वाजवलंच नाही."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाले, "बरं."

गुरुवारी आम्ही कचेरीच्या लांब खोलीत शिरलो तेव्हा हर्डीकर भिंतीशी खुर्चीवर बसलेले होते. दाढी वाढली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. आम्हाला बघून ते उठले. शिपायाने बसायला सांगितल्यावर बसले. टेबलावर आकड्यांचे कागद आणि आमची पानं शेजारी शेजारी मांडलेली. माणगावकरांच्या बाजूला पोलीस बँडचे एक निवृत्त बँडमास्टर, थोरात नावाचे, चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"थोरातांना नोटेशन येतं," माणगावकर म्हणाले. "आकड्यांवरून सूर कसा काढायचा, ते डॉक्टर हर्डीकरांनी यांना समजावलंय. कागदावर तर जुळतंय. पण कागदावर काहीही जुळवता येतं. मला एवढंच बघायचंय की हे वाजवण्यासाठी लिहिलंय, की नुसतं कागदावर ठेवण्यासाठी. तुम्ही म्हणता दिवाळीपासून तालमी चालल्यात. मग बोटांत बसलेलं असणार. एकेकाने एकट्याने वाजवायचं. पान मी निवडणार."

एकट्याने! चौघांनी मिळून गोंधळ घातला असता तर निभावलं असतं. माझी नजर समर्थांकडे गेली. त्यांनी मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाही.

पहिली पाळी त्यांचीच लागली. पान तिसरं. तोच भाग. समर्थांनी चेलो गुडघ्यात धरलं, एकदा श्वास घेतला आणि वाजवलं. थोरातांचं बोट पानावरून सरकत गेलं.

"बरोबर," थोरात म्हणाले.

"पुन्हा," माणगावकर म्हणाले.

समर्थांनी पुन्हा वाजवलं. तेच, तसंच, त्याच जागी पोचणारं आणि त्याच सुरावर थांबणारं.  दर तालमीला मला चेलो बदललेलं ऐकू येत होतं, ते मग काय होतं? चेलो जर जागचं हललं नसेल, तर हलत होतं ते दुसरंच काहीतरी. त्याच्या वरचं.

मला पुढचा विचार करायचा नव्हता.

सोलीने त्याचं पान वाजवलं. मी माझं वाजवलं. एका ठिकाणी बोट घसरलं, ते थोरातांनी दाखवलं आणि माणगावकर चक्क हसले. "एवढं चालायचंच."

मग मास्टर उठले. सगळ्या स्टुडिओंना माहीत असलेल्या त्या ऐटीत व्हायोलिन हनुवटीखाली गेलं. पहिलं पान समोर ठेवलं होतं. त्यांनी ते सुरेख वाजवलं. थोरात मान डोलावत राहिले.

"वा," माणगावकर म्हणाले. त्यांनी चळतीतून मधलं एक पान काढून स्टँडवर लावलं. "आता हे."

मास्टरांनी पानाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग वाजवायला लागले. तुटक, लखलखीत, धावते सूर. आम्ही तालमीत ऐकत आलो होतो तसलेच. थोरातांचं बोट पानावर निघालं, अडखळलं, मागे आलं आणि थांबलं.

"साहेब, हे या पानावर नाही."

"दुसरीकडे कुठे आहे?"

"कुठेच नाही."

मास्टरांचा बो तारांवरून खाली आला. त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. तालमीत मी पान उलटलं की मास्टर उलटायचे. मला वाटायचं, ते माझ्यासाठी थांबतात, आणि मी मनातून फुलून जायचे. स्टुडिओत ते आधी 'एकदा वाजवून दाखवा' म्हणायचे, ती मोठ्या माणसाची लहर समजून सगळे कौतुकाने दाखवायचे. चाल असलेलं गाणं एकदा ऐकून धरता येतं. हर्डीकरांच्या सुरांना चालच नव्हती. पुढचा सूर मागच्याचं काही ऐकत नव्हता, तर कान त्याला धरणार कुठे? पहिलं पान तेवढं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेऊन त्यांनी पाठ केलं होतं. बाकी दिवाळीपासून मास्टर आमच्या मधोमध बसून स्वतःच्या मनातलं वाजवत होते.

"तिघं लिहिलेलं वाजवतात," माणगावकर सावकाश म्हणाले. "चौथ्याचं पान त्याने कधी वाजवलेलंच नाही. म्हणजे ते वाजवण्यासाठी नव्हतंच. मग कशासाठी होतं?" ते हर्डीकरांकडे वळले. "डॉक्टर, तालमीला तुम्ही समोर बसायचात. हे दुसरंच काही वाजवताहेत, ते तुम्हाला कळलं नाही?"

हर्डीकरांनी मास्टरांकडे बघितलं. मग म्हणाले, "कळलं होतं."

"केव्हा?"

"पहिल्या दिवशीच."

"आणि गप्प राहिलात?"

"चूक माझी आहे. पहिल्या व्हायोलिनची पानं मी नीट उतरवली नव्हती. वाचता येण्यासारखी नाहीत ती."

थोरातांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पान पुन्हा बघितलं. "पान स्वच्छ आहे, साहेब. आकड्यांशी तंतोतंत जुळतंय."

माणगावकर खुर्चीत मागे टेकले. "तीन दिवस मी यांना उलटसुलट विचारतोय. आज पहिल्यांदा खोटं बोलले." हा आवाज आतापर्यंतचा नव्हता. "घेऊन जा यांना."

शिपायाने हर्डीकरांच्या दंडाला धरलं. मास्टरांना दिसत नाही, एवढे तीन शब्द ते बोलले असते तर सुटले असते. ते बोलले नाहीत. माझ्याही जिभेवर ते शब्द आले होते आणि मीही बोलत नव्हते. कारण ते शब्द एकदा खोलीबाहेर पडले की मास्टरांना कुठल्याही स्टुडिओतून बोलावणं येणार नव्हतं. ज्याला वाचता येत नाही तो पहिल्या खुर्चीवर बसत नाही. शेवटच्याही नाही. समर्थांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं.

हर्डीकर दारापर्यंत पोचले.

"थांबयात ताका," मास्टर म्हणाले.

सगळे वळले.

"पान बरोबर आसा." त्यांनी व्हायोलिन काळजीपूर्वक पेटीत ठेवलं आणि मग सरळ उभे राहिले. "म्हाका दिसना."

"काय?"

"दिसत नाही, साहेब. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. माणसं दिसतात, खुर्च्या दिसतात. बारीक लिहिलेलं दोन वर्षं झाली, दिसत नाही."

माणगावकर उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मऊ पडेल. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि मास्टरांसमोर हातभर अंतरावर धरलं. "मोठ्या अक्षरातलं वाचा."

"साहेब!" मी म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

त्या दिवसांत मथळे केवढाले असायचे! रस्त्याच्या पलीकडून वाचता यावेत असे. मास्टरांनी मान पुढे केली, डोळे बारीक केले. मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पोरांना नोटेशन वाचायला शिकवणारा माझा गुरू कोंबडीसारखी मान हलवत एक एक अक्षर शोधत होता. सोलीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काळं आहे," मास्टर शेवटी म्हणाले. "वर काळं मोठं आहे. इतकंच."

माणगावकरांनी पेपर घडी करून खाली ठेवला. 

"मी वाजवते," मी म्हणाले. "ते पान. मी ते कधी पाहिलेलं नाही, चुका होतील. पण वाजवण्यासाठी लिहिलेलं असेल तर ते वाजेल."

कोणी हो म्हणायच्या आत मी मास्टरांच्या स्टँडपाशी जाऊन उभी राहिले. समर्थांनी न सांगता चेलो पुढे ओढलं, सोलीने व्हायोला उचलला. ते पान म्हणजे खडकाळ उतारावरून पळत सुटण्यासारखं होतं. पुढचं पाऊल कुठे पडणार, त्याचा मागच्यावरून काही अंदाजच बांधता येत नव्हता. मी चुकले, सावरले, पुन्हा चुकले. पण मध्ये कुठेतरी चेलोचं ते घसरतं बोट खालून वर आलं, माझे तुटक सूर वरून विरळ होत गेले आणि दोघं एकाच जागी येऊन पोचलो. ते तसंच लिहिलेलं होतं. इतक्या तालमींत ती जागा आम्ही कधी ऐकलीच नव्हती. दारात उभ्या हर्डीकरांचे ओठ किंचित उघडे राहिले होते.

थोरातांनी पानावरून बोट उचललं. "चुका सोडल्या तर हेच आहे, साहेब."

माणगावकरांनी नाक पुसलं. "याला तुम्ही संगीत म्हणता," ते म्हणाले. त्यात प्रश्न नव्हता. मग शिपायाला म्हणाले, "डॉक्टरांना बसायला खुर्ची दे."

हर्डीकर लगेच सुटले नाहीत. युद्ध संपलं, लोकांनी पेढे वाटले, त्यानंतर एका दुपारी ते सोलीच्या दुकानात येऊन उभे राहिले. कागद आणि कार्डं परत मिळाली नव्हती. संस्थेने कॉम्प्युटर यापुढे फक्त संस्थेच्या कामासाठी, असं बजावलं होतं. त्याबद्दल ते एक शब्दही कडू बोलले नाहीत.

"तुम्ही त्यांना एकदा तरी सांगायचं," मी म्हणाले.

"मोठ्या अक्षरात लिहून देऊ का, असं विचारलं होतं मी. ते म्हणाले, डॉक्टर, मी काय म्हातारा झालो? आणि हसले." हर्डीकर दोऱ्याने बांधलेली काडी चाचपत राहिले. "त्या हसण्यानंतर पुन्हा विचारण्याची हिंमत झाली नाही."

बातमी कोणी दिली होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित कोणीच नाही, टपालातच उघडलं गेलं असेल. समर्थ माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, फक्त 'सरोज'च्या जागी 'सरोजबाई' म्हणू लागले होते. माझ्याविषयी त्यांच्या मनात काय राहिलं, ते मी कधी विचारलं नाही.

मास्टरांनी स्टुडिओत स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळावं, हे त्यांना नको होतं. मोतीबिंदू अजून पिकलेला नव्हता, ऑपरेशनला वेळ होता. तेवढ्या अवधीत त्यांची खुर्ची भरली गेली.

जानेवारीत एका रविवारी सकाळी आम्ही एका शाळेच्या सभागृहात ती रचना वाजवली. सोलीकडे आमच्या पानांची एक जुनी प्रत निघाली होती, म्हणून ते जमलं. पहिलं व्हायोलिन मी वाजवलं, दुसरं मास्टरांच्याच एका शिष्येने. ऐकायला सभागृह भरेल एवढी माणसं काही नव्हती. हर्डीकरांच्या संस्थेतले काही जण, सोलीच्या ओळखीची पारशी मंडळी, आणि पाऊणएक तास सावलीत बसायला मिळतंय म्हणून आत शिरलेले दोघे-तिघे. शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांत माणगावकर बसलेले होते. ते ऐकायला आले होते की नजर ठेवायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, इतरांच्या जरा नंतर, आणि कोणाला न भेटता निघून गेले.

मास्टर पहिल्या रांगेत होते. हात मांडीवर. ही रचना आहे तशी ते पहिल्यांदाच ऐकत होते. माणसं पांगल्यावर हर्डीकर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. आम्ही तिघं वाद्यं पेटीत घालता घालता कान देऊन होतो.

"कसं वाटलं, मास्टर?"

मास्टरांनी बराच विचार केला.

"खरं सांगू? राग नका मानू." ते म्हणाले, "म्हजें बरें आशिल्लें. माझंच बरं होतं."

सोलीच्या हातातून व्हायोलाचा बो पडता पडता राहिला. हर्डीकर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्टरही हसले, पण मस्करी केल्यासारखे नाही. त्यांना खरोखर तसंच म्हणायचं होतं.

"मग ते मला लिहून घेऊ द्या," हर्डीकर म्हणाले. "तुम्ही वाजवा, मी उतरवतो. कॉम्प्युटर नाही तर नाही."

"सगळं? पुन्हा तसंच येणार नाही."

"नाही आलं तर दुसरं येईल."

मास्टरांनी मान हलवली. हो की नाही, ते नीटसं कळलं नाही. ते उठले आणि दाराकडे निघाले. सभागृहाच्या बाहेर चार-पाच पायऱ्या होत्या आणि ऊन टळटळीत होतं. पहिल्या पायरीशी त्यांचं पाऊल थबकलं. हर्डीकरांनी त्यांच्या कोपराला हात लावला. आजवर असा हात लावण्याची कोणाची प्राज्ञा झाली नव्हती.

मास्टरांनी तो झटकला नाही. त्यांनी व्हायोलिनची पेटी डाव्या हातात घेतली, उजवा हात हर्डीकरांच्या हातात अडकवला आणि दोघे सावकाश खाली उतरले.